‘संशयकल्लोळ’ची रंगावृत्ती: देवलांच्या शब्दाला हात लावावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या हौशी संस्थेला गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ करायचं आहे. हाताशी दोन-सव्वादोन तास आहेत आणि रंगावृत्तीचं, म्हणजे जुनी संहिता आजच्या प्रयोगासाठी कापून-जुळवून बसवण्याचं, काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात, देवलांच्या शब्दाला हात लावायचा नाही, जमत नसेल तर दुसरं नाटक घ्या. तरुण मुलं म्हणतात, सरळ आजच्या काळात आणा, नाटकातला सगळा घोटाळा ज्या तसबिरीवरून होतो तिच्या जागी मोबाइल द्या, नाहीतर आमच्या वयाचं कोणी फिरकणार नाही. या ओढाताणीत तुम्ही विचारता, ‘किती बदललं की ते नाटक देवलांचं राहत नाही?’

जुन्या नाटकांच्या रंगावृत्त्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘किती’ला माझ्याकडे उत्तर नाही. तिसरा हिस्सा छाटूनही अस्सल देवल वाटावेत असे प्रयोग मी पाहिले आहेत, आणि कानामात्रा न बदलता निर्जीव झालेलेही पाहिले आहेत. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. हे नाटक कशावर उभं आहे, हे तुमच्यापैकी कोणी अजून कागदावर मांडलेलं नाही. त्यामुळे काय काढलं तर चालेल यावर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतंय. ते एकदा मांडलंत की निम्मे वाद मिटतील. उरलेले निम्मे तुमचा प्रेक्षक कोण, गाणारे नट किती तयारीचे आणि प्रयोग स्पर्धेसाठी, उत्सवासाठी की तिकीट लावून, यावर ठरतील. ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

आधी ज्येष्ठांचं म्हणणं घेऊ. देवलांनी सात नाटकं लिहिली. त्यांतलं ‘शारदा’ (१८९९) तेवढं स्वतंत्र. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचं, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचं, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘दुर्गा’ एका इंग्रजी शोकान्तिकेवरून. ‘संशयकल्लोळ’चा प्रवास तर सगळ्यांत लांबचा. १६६० मध्ये पॅरिसला मोलिएरने ‘स्गानारेल’ नावाची छोटी, एका अंकाची, पद्यातली सुखात्मिका लिहिली. एका शतकानंतर, १७६१ मध्ये, आर्थर मर्फीने लंडनला ती पाच अंकांची करून ‘ऑल इन द राँग’ म्हणून आणली. तिच्यावरून देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केलं. पुढे त्यांनीच त्यात पदं घालून त्याचं संगीत नाटक केलं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. देवल वारले तेही त्याच वर्षी.

म्हणजे तुमच्या हातातली संहिता ही मुळातच पुनर्लेखनाचं पुनर्लेखन आहे, आणि त्यातला शेवटचा हात देवलांनी स्वतःच्याच नाटकावर फिरवला आहे. तालमी घेणारा, नट घडवणारा माणूस तो. आपलंच गद्य नाटक मोडून पुन्हा बांधायला त्याने मागेपुढे पाहिलं नाही. तुमच्या ज्येष्ठांना हे शांतपणे सांगा. पण लगेच ‘देवलांनी केलं, मग आम्हीही वाटेल ते करू’ असं म्हणू नका. देवलांनी दर वेळी काय सांभाळलं आणि काय सोडलं हे पाहिल्याशिवाय त्यांचं नाव पुढे करण्याचा आपल्याला हक्क नाही.

इथे मला नेहमी एकनाथ आठवतात. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. पुढच्या तीनेकशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी, पाठ करून म्हणणाऱ्यांनी तिच्यात आपापले शब्द आणि ओव्या मिसळल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, एकनाथांनी ती शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ अमृताच्या ताटात नारळाची करवंटी! इतकं कडक बोलणारा हाच माणूस ‘भावार्थरामायण’ लिहायला बसला तेव्हा वाल्मीकींची कथा आपल्या काळाच्या बोलीत, आपल्या श्रोत्यांसाठी, ऐसपैस मोकळेपणाने सांगत गेला. ते युद्धकांडात अपुरं राहिलं, तर गावबाने पुरं केलं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. एका ठिकाणी ज्ञानेश्वरांचा शब्द पोचवायचा होता. दुसऱ्या ठिकाणी रामाची कथा पोचवायची होती. कुठल्या कामाला बसलो आहोत याबद्दल एकनाथांच्या मनात घोळ नव्हता. तुमच्या संस्थेत मात्र दोन्ही कामं एकाच टेबलावर आली आहेत, आणि भांडण त्यातूनच होतंय.

आमच्या व्यवहारात यात तीन-चार पायऱ्या मानतात. शुद्ध प्रत म्हणजे लेखकाने लिहिलं ते शोधून काढणं, तिथे स्वतःचा शब्द घालणं वर्ज्य. रंगावृत्ती म्हणजे तेच नाटक आजच्या वेळेत, आजच्या रंगमंचावर बसवण्यासाठी केलेली काटछाट आणि जुळवाजुळव. रूपांतर म्हणजे गोष्ट उचलून दुसऱ्या मातीत लावणं, जे देवलांनी मर्फीचं केलं. आणि त्यापुढे येते ती नवी कृती, जिच्यात मूळ नाटक फक्त पाठीशी उभं असतं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (१९७०) घ्या. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधल्या तीन मुली तिथे नाहीत, राज्य नाही, युद्ध नाही. आयुष्यभर रंगमंचावर राजा झालेला गणपतराव बेलवलकर आहे आणि पोटच्या मुलांना सगळं देऊन टाकल्यावर होणारी त्याची परवड आहे. ते नाटक शिरवाडकरांचंच आहे, शेक्सपिअरचं ऋण मान्य करूनही. ज्येष्ठांना हवी आहे शुद्ध प्रत, मुलांना हवं आहे रूपांतर आणि तुमच्या वाट्याला आली आहे रंगावृत्ती. बैठकीत हे तीन शब्द आधी फळ्यावर लिहा.

आता मोबाइलचं बघू, कारण त्यातच या नाटकाचं मर्म सापडतं.

रेवतीला रस्त्यात चक्कर येते. फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका ते बघते आणि तिच्या मनात किल्मिष शिरतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर कृत्तिकेला सापडते. ती निरखत असताना फाल्गुनराव बघतो आणि आता संशयाचं भूत त्याच्या मानगुटीवर बसतं. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती दिसली की अश्विनशेटचं डोकं फिरतं, कारण ती त्याने रेवतीला दिलेली असते. सगळी मौज या एका वस्तूवर चालते. ती एकच आहे, तिची दुसरी प्रत नाही आणि एका वेळी एकाच हातात असू शकते. ज्याच्या हातात ती, त्याच्यावर आळ. मोबाइलमधल्या फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, तो कोणाकडेही असू शकतो. त्यामुळे तो असण्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ज्या हातात फोटो त्याच हातात फोन, मग एक फोन लावला की घोटाळा संपला. तो फोन का लावला जात नाही, याची सबब तुम्हाला दर प्रवेशात शोधत बसावं लागेल. बॅटरी संपली, रेंज नाही, सायलेंटवर होता. तिसऱ्या सबबीला प्रेक्षक कंटाळतो.

मुलांची कल्पना वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ‘लास्ट सीन’, निळ्या टिका, पुसून टाकलेला मेसेज, चुकून भलत्याच ग्रुपवर गेलेला फोटो: संशयाला इतकं खाद्य देवलांच्या काळातही नव्हतं. यावर झकास नाटक होईल. पण त्याची यंत्रणा वेगळी असेल, प्रवेश वेगळे असतील, माणसंही वेगळ्या तऱ्हेने बोलतील. मुलांनी ते लिहावं, मी वाचायला तयार आहे. देवलांच्या प्रवेशांत नुसता मोबाइल कोंबला तर मात्र जुनंही बिघडेल आणि नवंही होणार नाही.

देवलांनी स्वतः काय केलं ते बघण्यासारखं आहे. मोलिएरची नायिका पॅरिसमधल्या खात्यापित्या गृहस्थाची मुलगी आहे, बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवू पाहतो आहे. १८९० च्या सुमाराला पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातली उपवर मुलगी एकटी रस्त्याने चाललेली, स्वतः निवडलेल्या पुरुषाची तसबीर जवळ बाळगणारी, दाखवायची कशी? त्या वयाला तिचं लग्न होऊन गेलेलं असायचं. देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरात नेलं. तिथली मुलगी घराबाहेर पडू शकते, पुरुषाशी बोलू शकते, गाऊ तर शकतेच. शिवाय तिच्यावर संशय घ्यायला जग टपलेलं असतं, त्यामुळे अश्विनशेटच्या संशयाला एक दुखरी धार येते. फ्रेंच नाटकात ती नाही. ‘मृच्छकटिक’ (१८८७) करताना देवलांनी वसंतसेना हाताळली होती. मला वाटतं रेवतीच्या मागे ती उभी आहे. एका पात्राची सामाजिक जागा बदलली आणि गोष्ट मराठी मातीत रुजली. रूपांतर कशाला म्हणतात ते इथे दिसतं. कपडे आणि नावं बदलायला वेळ लागत नाही. त्या समाजात ही घटना घडू शकेल अशी फट शोधायला लागते ती खरी बुद्धी.

पु. ल. देशपांड्यांनाही ‘ती फुलराणी’त (१९७५) हीच फट शोधावी लागली. ते नाटक बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. शॉच्या लंडनमध्ये माणसाने तोंड उघडलं की त्याचा वर्ग कळतो. आपल्याकडे वर्ग कळतो, जात कळते, जिल्हाही कळतो. म्हणून पु. लं.ची नायिका मंजुळा मराठीत नुसती अशुद्ध बोलत नाही. तिच्या बोलीला स्वतःचा तोरा आहे, मास्तरला धडा शिकवण्याची जिद्द त्याच बोलीत येते, आणि टाळी शुद्ध मराठी शिकवणाऱ्याला न मिळता तिला मिळते. एका बोलीची अशी बाजू घेणं मराठी प्रेक्षकाला हवं होतं.

आता प्रत्यक्ष काम. मी प्रत्येक जुन्या नाटकाचा एक तक्ता करतो. उभ्या रांगेत प्रवेश, आडव्या रांगेत पात्रं आणि प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट: या प्रवेशाच्या शेवटी याला काय वाटतंय? तसबीर सापडण्याच्या प्रवेशापाशी तुमच्या चौकटी साधारण अशा भरतील. कृत्तिका: ‘नवरा भररस्त्यात परक्या बाईला धरून होता.’ फाल्गुनराव: ‘बायको परपुरुषाची तसबीर लाडाने न्याहाळतेय.’ रेवती: ‘तसबीर कुठे पडली?’ अश्विनशेट: अजून काहीच नाही. शेवटची चौकट प्रेक्षकाची, ती विसरू नका: ‘दोघांचंही चुकतंय आणि का चुकतंय हे आपल्याला माहीत आहे.’ विनोद या शेवटच्या चौकटीत आहे. प्रेक्षकाला खरं काय ते माहीत नसेल तर हे नाटक रहस्यकथा होईल, हसू येणार नाही.

हा तक्ता झाला की कात्री कुठे लावायची ते दिसायला लागतं. समजूत जिथे तयार होते तो क्षण कापायचा नाही, उलट त्याला ऐसपैस जागा द्यायची. समजूत झाल्यावर तीच पुन्हा पुन्हा बोलून दाखवणारी स्वगतं असतात, ती निम्मी करता येतात. त्या काळी उशिरा येणारे प्रेक्षक असत, अर्धा मांडव बोलत असे, त्यामुळे एकच गोष्ट तीनदा सांगावी लागे. आज एकदा पुरते. नोकरचाकरांचे प्रवेश मात्र घाईने काढू नका. वेळ वाचवायचा म्हटलं की सगळे आधी भादव्यावर घसरतात. पण अर्धवट ऐकलेली बातमी इकडून तिकडे नेण्याचं काम असली माणसं करतात. त्यांची बडबड कमी करा, बातमी राहू द्या.

आणखी एक. फाल्गुनरावाचा संशय खोटाखोटा वाटेल अशी भाषा त्याला देऊ नका आणि तसा अभिनयही करू देऊ नका. ‘ऑथेल्लो’त एक रुमाल हातोहात फिरतो आणि बायकोचा जीव जातो. इथे एक तसबीर फिरते आणि हशा पिकतो. देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ केलं आणि त्यानंतर लवकरच हे. आग एकच आहे. फाल्गुनराव मनापासून जळतो म्हणून आपण हसतो. रंगावृत्तीत विनोद वाढवायच्या नादात त्याला विदूषक केलात तर दुसऱ्या अंकापर्यंत काही उरणार नाही.

पदांचं गणित वेगळं आहे. संहितेत चार ओळींची दिसणारी जागा रंगमंचावर सात-आठ मिनिटं खाऊ शकते. म्हणून गद्य छाटण्याआधी गाणाऱ्या नटांना आणि साथीदारांना घेऊन बसा आणि कुठलं पद किती वेळ ते लिहूनच घ्या. ‘मृगनयना रसिक मोहिनी’, ‘सुकांत चंद्रानना पातली’, ‘कर हा करी धरिला शुभांगी’, ‘हृदयी धरा हा बोध खरा’ ही पदं ऐकायलाच काही लोक येणार आहेत. सांगली-पुण्याकडे तर येणारच. ती काढून वेळ वाचवणं म्हणजे देवळात जाऊन मूर्ती झाकण्यासारखं होईल. मनाची अवस्था जिथे पदात बदलते ते पद पुरं ठेवा. आधी गद्यात सांगून झालेलं जे पद पुन्हा सांगतं, त्याचं धृपद आणि एक अंतरा पुरे. पदाचे शब्द मात्र बदलू नका. तिथे मात्रा, ताल आणि लोकांच्या कानातली आठवण अशा तीन गोष्टी एकदम मोडतात. आणि वन्समोअर दोन-सव्वादोन तासांत बसवायचा असेल तर त्याचाही निर्णय आधीच घ्या.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: तसबीर आणि काळ तसाच ठेवा, समजुतीचे क्षण राखा, पुनरुक्ती काढा, पदांचा वेळ आधी बांधून घ्या. एवढ्याने बहुधा तुमची वेळ साधेल.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. नमुन्यासाठी मी त्या धाटणीचं एक वाक्य स्वतः रचतो, हे देवलांचं नाही: ‘आपण मजवर असा संशय घ्यावा, हें आपणांस शोभतें काय?’ यातली जुनी वळणं आजच्या नटीच्या तोंडात अडखळतात. ‘तुम्ही माझ्यावर संशय घेता? शोभतं का हे तुम्हाला?’ असं केलं तर नातं तेच राहतं, आदर राहतो, आदराखालचा राग उलट जरा मोकळा होतो आणि ‘शोभतं का’वर जोर द्यायला जागा मिळते. हे मी रंगावृत्तीत बसवीन. ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही का रे?’ असं केलंत की नवरा-बायकोतलं अंतर एका झटक्यात नाहीसं होतं आणि पुढचा सगळा रुसवा पोकळ वाटतो, कारण इतकं थेट बोलू शकणारी बायको तिथल्या तिथे विचारून मोकळी झाली असती. म्हणून वाक्य सोपं करताना संबोधन आणि अंतर सांभाळा. कळत नाही असा शब्द असेल तर तो बदलण्याआधी नटाला तालमीत तीन-चारदा म्हणू द्या. बरेच शब्द आवाजातून आणि हावभावातून कळून जातात. नावंही बदलू नका. फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या ही महिन्यांची नावं आणि कृत्तिका, रेवती ही नक्षत्रांची. हे जग खेळकर आणि रचलेलं आहे, याची खूण लेखकाने पहिल्यापासून देऊन ठेवली आहे.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य होतं, की बायकांबद्दलचे काही शेरे आज ऐकवत नाहीत, त्यांचं काय करायचं. मी एक भेद करतो. पात्राचा दोष असेल आणि नाटक त्या दोषाची फजिती करत असेल, तर तो पुरेपूर ठेवायचा. फाल्गुनरावाची बायकोवरची पाळत हा असा दोष आहे, तो सौम्य केला तर नाटकच सौम्य होईल. पण एखादा शेरा नुसता टाळीसाठी येत असेल, कोणाच्या जातीवर किंवा सरसकट बायकांवर, आणि तो काढल्याने तक्त्यातली एकही चौकट बदलत नसेल, तर मी तो काढतो आणि संहितेच्या समासात काढल्याची नोंद करतो. नाटकाचा कणाच खटकत असेल तर मात्र रंगावृत्तीने काही होत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूचं सोसणं आज अनेकांना सहन होत नाही, मलाही होत नाही. पण सिंधू सुधाकरला सोडून निघून गेली असं दाखवलं तर ते गडकऱ्यांचं नाटक उरत नाही. ते नवं नाटक स्वतःच्या नावावर कोणीतरी जरूर लिहावं.

शब्द न बदलताही नाटक आपल्या काळाशी बोलू शकतं, हे मुलांना सांगा. खाडिलकरांनी ‘कीचकवध’ (१९०७) लिहिलं तेव्हा महाभारतातली गोष्ट तीच ठेवली. पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत देश दिसला, धर्मराज आणि भीम यांच्या वादात मवाळ-जहाल दिसले. सरकारलाही दिसले, म्हणून १९१० मध्ये त्याने बंदी घातली. स्टेजवर इंग्रजी टोपी आणावी लागली नाही. संशयाने घर कसं पोखरतं, दुसऱ्याच्या हालचालींवर नजर ठेवण्याची चटक कशी लागते, हे आजच्या मुलामुलींना मोबाइल न दाखवताही कळेल. त्यासाठी दिग्दर्शन हवं, नव्या वस्तूंची गरज नाही.

काम सुरू करण्याआधी संहितेची खात्री करा. हौशी संस्थांत फिरणाऱ्या झेरॉक्स प्रती भरवशाच्या नसतात. कोणा दिग्दर्शकाने पेन्सिलीने वाक्यं खोडलेली असतात, कोणा नटाची जागेवर सुचलेली कोटी समासात लिहिलेली असते आणि दोन झेरॉक्सनंतर ती कोटी थेट मजकुरात येऊन बसते. मग लोक ती देवलांची म्हणून जपतात. ग्रंथालयातून जितकी जुनी छापील आवृत्ती मिळेल तितकी आणा, नंतरची एक घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. ज्येष्ठ ज्या वाक्यासाठी भांडताहेत ते देवलांचं आहे की नाही, हे आधी बघा. हे काम त्यांच्याकडेच सोपवा. ते मनापासून करतील आणि तुमच्या बाजूला येतील.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. देवल १९१६ मध्ये गेले, त्यामुळे नाटक मोकळं आहे. खाडिलकर (१९४८) २००९ पासून मोकळे. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या नाटकांना २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागेल, शिरवाडकरांच्या २०५९ आणि पु. लं.च्या २०६० अखेरपर्यंत. हक्क असलेल्या लेखकाच्या संहितेत मोडतोड करायची तर वेगळी, लेखी संमती घ्या. नुसत्या प्रयोगाच्या परवानगीत ती धरलेली नसते. आणि ‘संशयकल्लोळ’ मोकळं असलं तरी दुसऱ्या कोणी अलीकडे केलेली त्याची रंगावृत्ती मोकळी नाही. ती उचलायची असेल तर त्या माणसाला विचारा, त्याचं नाव द्या.

तुमचं नावही द्या. जाहिरातीवर ‘लेखक: गो. ब. देवल’ आणि खाली ‘रंगावृत्ती:’ पुढे तुमचं नाव, दोन्ही वाचता येतील अशा अक्षरांत. म्हणजे कौतुक देवलांना जातं आणि काटछाटीची जबाबदारी तुमच्यावर राहते. आवडलं नाही तर लोकांनी कोणाला बोलायचं ते त्यांना कळतं. मुलांनी मोबाइलवालं नाटक लिहिलं तर तिथे लेखक म्हणून त्यांचं नाव जाईल आणि ‘देवलांच्या नाटकावर आधारित’ अशी ओळ येईल. ‘संशयकल्लोळ’ हे शीर्षक जसंच्या तसं वापरू नका, तिकीट काढून आलेल्या माणसाची फसवणूक होते.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवायची असेल तर पदांचे कापलेले अंतरे, बदललेली वाक्यं सगळं घालून अंतिम प्रतच पाठवा, कारण मंजूर होते तीच संहिता प्रयोगात बोलायची असते. म्हणून निदान दोन पूर्ण वाचनं घड्याळ लावून झाल्याशिवाय प्रत टाइप करायला देऊ नका. पहिल्या अंकाचा तक्ता भरून झाला की इथे टाका. तसबीर कुठल्या चौकटीतून कुठे गेली हे एकदा नीट लागलं की पुढच्या अंकांची कात्री तुम्ही स्वतःच चालवाल.